केदारकंठ : तीनशे फूट अलीकडून

थंडीची गोष्ट पुण्याच्या माणसाला कोणी सांगू नये, असा माझा परवापरवापर्यंत समज होता. डिसेंबर लागला की पाषाणचा पारा आठ अंशांवर उतरल्याचे वर्तमानपत्रात वाचावे, गळ्याभोवती मफलर गुंडाळून पर्वतीच्या पायऱ्या चढाव्यात आणि खाली येऊन चहाचे घुटके घेत मुंबईच्या पाहुण्यांची कीव करावी, एवढीच आमची हिवाळ्याशी ओळख. अशा ओळखीच्या जोरावर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी हिमालयात बर्फ तुडवायला निघालो. त्याची ही हकीकत. ती फारशी शौर्याची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बेत मूळचा आमच्या कन्येचा. तिची नोकरी संगणकाची, वय चोवीस. वर्षभर तिने पगारातून पैसे बाजूला टाकले होते आणि रोज पहाटे ती टेकडीवर धावत होती. उत्तराखंडातील केदारकंठ हे १२,५०० फुटांचे शिखर डिसेंबरच्या बर्फात चढायचे, हे तिच्या मनाने घेतलेले. तिला एकटीला कसे पाठवायचे, या प्रश्नावर घरात दोन दिवस खल झाला आणि शेवटी तिच्याबरोबर मी व आमचे साडू अशा दोन प्रौढ रक्षकांची नेमणूक झाली. कोणी कोणाचे रक्षण केले, ते पुढे येईलच.

सामान बांधताना कन्येने एक यादी माझ्या हाती ठेवली. तिच्यात पहिलीच ओळ होती : सुती काहीही नको. अंगालगत पातळ, घाम शोषून न धरणारा कपडा, त्यावर लोकर, सर्वांत वर वारा आणि बर्फ अडवणारे जाकीट. एका जाड कोटापेक्षा असे तीन थर बरे, कारण चढताना एक काढता येतो आणि थांबल्यावर पुन्हा घालता येतो. मी मान डोलावली. पण गेली पस्तीस वर्षे गंजीफ्रॉकावाचून मी घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. माणसाने हिमालयात जावे, परंतु गंजीफ्रॉकाशिवाय जावे, हे काही मनाला पटेना. मी चार गंजीफ्रॉक पिशवीच्या तळाशी लपवले. सौभाग्यवतीने ते पाहिले आणि वर डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवून माझ्या गुन्ह्यावर पांघरूण घातले.

डेहराडूनहून पहाटे जीप निघाली. मसुरीचे दिवे मागे पडले, यमुनेचा पूल ओलांडला आणि नैनबाग, नौगाव, पुरोला अशी गावे येऊ लागली. पुरोल्याच्या खोऱ्यात लाल तांदूळ पिकतो. तिथल्या खानावळीत तो राजम्याबरोबर खाल्ला. आपल्या आंबेमोहोराचा वास त्याला नाही, पण चव दाणेदार आणि पोटाला आधार देणारी. मोरीपासून टोन्स नदीची सोबत सुरू होते. दोन्ही तीरांवर चीडाची उंच, सरळ झाडे आणि खाली हिरवेगार पाणी. नैटवाडला रूपीन व सूपीन या दोन नद्या मिळून ही टोन्स होते. पुढे ती यमुनेला जाऊन मिळते, तेव्हा तिचे पाणी यमुनेपेक्षाही जास्त असते. नाव मात्र यमुनेचेच राहते. संसारात असे पुष्कळदा घडते.

नैटवाडच्या नाक्यावर जंगलखात्याचे कागद होईपर्यंत आम्ही पोखू देवतेच्या देवळाची चौकशी केली. हा देव मोठा कडक, न्याय करणारा. गंमत अशी की भक्त त्याच्याकडे तोंड करून उभे राहत नाहीत. पाठ करून पूजा करतात. आमचे साडू म्हणाले, "हे बरं आहे. आपल्याकडे देवाला पाठ दाखवली तर आई रागवायची." त्यावर सगळे हसलो आणि गाडीत बसलो.

सांकरी हे मोटाररस्त्यावरचे आमचे शेवटचे गाव. उंची ६,४०० फूट. देवदारी लाकडाची आणि दगडाची घरे, सज्जांवर वाळत घातलेले गवत, अंगणात ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्या. आमच्या तुकडीत मुंबई-नाशिककडची मिळून बारा मंडळी होती आणि बरोबर दोन वाटाडे. त्यांतल्या वडील वाटाड्याला सगळे भैजी म्हणत; म्हणजे आपल्याकडे दादा. पन्नाशीचा, बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. बारा माणसांना दोन वाटाडे कशाला, असा हिशेबी प्रश्न साडूंनी केला. भैजी म्हणाले, "एक ऊपर जाने के लिए, एक नीचे आने के लिए." आम्हाला तो विनोद वाटला.

त्या रात्री शेकोटीपाशी भैजींनी एक गोष्ट काढली. २०२४ च्या जून महिन्यात याच उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर मुख्यतः कर्नाटकातून आलेल्या मंडळींची बावीस जणांची तुकडी वादळात सापडली. वारा, हिमवर्षाव आणि धुके. त्यांतले नऊ जण परत आले नाहीत. "जून में, बाबूजी," भैजी म्हणाले. "थंडी कॅलेंडर पाहून येत नाही. उंची, वारा आणि ओले कपडे हे तीन एकत्र आले की आली." मग त्यांनी आम्हाला एकच नियम सांगितला. ठार पाठ व्हावा म्हणून तीनदा सांगितला : "पसीना मत लाना." घाम येऊ देऊ नका. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले असे समजा.

थंडीच्या देशात घामाचा बाऊ! मला हसू आले. ते मी दाढीत लपवले.

पहिल्या दिवशी चढ जंगलातून होता. ओक आणि देवदार यांच्यामधून वाट जाते. वर जावे तसतसे बर्फ झाडांच्या बुंध्यांपाशी, मग वाटेवर, मग सर्वत्र. दुपारी जुडा का तालाब हे सुमारे नऊ हजार फुटांवरचे तळे आले. शंकराच्या जटांतून पडलेल्या थेंबांचे हे तळे झाले, असे तिथले लोक सांगतात. काठाशी पाणी गोठून काचेसारखे झाले होते. आमच्या कन्येने एक खडा फेकला, तर तो किणकिणत पलीकडे घसरत गेला.

थंडीचा संसार कसा मांडावा, हे त्या रात्री शिकलो. मुक्कामावर पोचताच अंगातले दमट कपडे बदलायचे, मग गप्पा. निजताना उकळते पाणी बाटलीत भरून, बाटलीला मोजा चढवून ती स्लीपिंग बॅगेत पायांशी घ्यायची. पायही शेकतात आणि सकाळी प्यायला न गोठलेले पाणी मिळते. उद्याचे मोजे आणि दिव्याची बॅटरी उशाशी नव्हे, अंगाशी ठेवायची. पोट भरून जेवायचे, कारण अन्न हेच शरीराचे सरपण. तहान लागली नाही तरी पाणी प्यायचे. आणि रात्री बाहेर जावेसे वाटले तर आळस न करता जाऊन यायचे. तळमळत पडून ना झोप लागते ना ऊब येते. भूक, तहान आणि झोप यांच्याबाबतीत आपल्या आज्या ज्या तक्रारी करीत, त्या सगळ्या इथे शास्त्र होऊन बसल्या होत्या.

शेजारच्या तुकडीतली दोन तरुण मुले स्वयंपाकाची पेटती शेगडी तंबूत नेऊ लागली, तेव्हा मात्र शांत भैजी कडाडले. बंद तंबूत शेगडी म्हणजे झोपेतले मरण. कार्बन मोनॉक्साइड या वायूला ना रंग, ना वास. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी लावून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत. आपल्याकडे खिडकी बंद करून गॅस गिझर चालवलेल्या न्हाणीघरात जो अपघात होतो, तो हाच. हे ऐकून पुण्याच्या घरातली न्हाणीघराची खिडकी माझ्या डोळ्यांसमोर आली. ती सौभाग्यवती थंडीत घट्ट लावून घेते.

दुसऱ्या दिवशी आणखी वर, शिखराच्या पायथ्याच्या तळावर पोचलो. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला शिखराकडे निघायचे होते. तंबूतला पारा शून्याखाली सात दाखवीत होता; बाहेरचा पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. मी जवळ होते नव्हते ते सगळे अंगावर चढवले : गंजीफ्रॉक, त्यावर दुसरा गंजीफ्रॉक, सदरा, दोन स्वेटर आणि पिसांचे जाकीट. भैजींनी दिव्याच्या उजेडात माझ्याकडे पाहिले आणि जाकीट काढून पिशवीत ठेवायला सांगितले. मी म्हणालो, "हो, जरा पुढे गेलो की काढतो."

चढ उभा होता. बुटांना लावलेले लोखंडी काटे बर्फात करकरत होते. अर्ध्या तासात पाठीवरून घामाचे ओघळ वाहू लागले. थांबून जाकीट काढायचे तर मागची रांग खोळंबणार आणि भैजींचे म्हणणे खरे होणार. मी चालत राहिलो. वर एका उघड्या धारेवर पोचलो, तो पुढे गर्दी. अरुंद वाटेवर बऱ्याच तुकड्या एकामागे एक अडकल्या होत्या. वीसेक मिनिटे उभे राहावे लागले. आणि वारा सुरू झाला.

ओला सुती कपडा आणि वारा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळायला हवे होते. पण तेव्हा काहीच कळत नव्हते. प्रथम हुडहुडी भरली. दात वाजू लागले. खिशातला लाडू काढायला हातमोजा काढला, तो पुन्हा काही केल्या चढेना. बोटे माझी नसल्यासारखी झाली. मग हळूहळू मला फार निवांत वाटू लागले. शिखर, थंडी, गर्दी कशाचेच काही वाटेना. इथेच जरा बसावे, एवढीच इच्छा. आज आठवले की अंगावर काटा येतो. कारण त्या क्षणी मी सुखात होतो.

कन्या पुढून वळली. तिने विचारले, "बाबा, हातमोजा का काढलात?" मी उत्तर दिले. काय दिले ते मला ठाऊक नाही. तिचे म्हणणे, दारू प्यालेल्या माणसासारखी जीभ जड झाली होती. तिने तिथूनच भैजींना हाक मारली. त्यांनी मला अंगठा करंगळीला टेकवायला सांगितले. तो टेकेना. मग विचारले, "बाबूजी, घर कहाँ है?" मी ठासून नारायण पेठेतल्या वाड्याचा पत्ता सांगितला. तो वाडा आम्ही सोडला त्याला तीस वर्षे झाली आणि पाडला त्याला वीस.

भैजी म्हणाले, "नीचे."

शिखर तिथून तीनशे फुटांवर होते. मी भांडलो. मला काही झालेले नाही, हा माणूस उगाच घाबरवतो आहे, आणि तू त्याचे ऐकतेस, असे मी मुलीला दहा लोकांत बोललो. तिने उलट उत्तर दिले नाही. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला तिने आपली चटई अंथरली, मला तिच्यावर बसवले आणि साडूंच्या मदतीने माझ्या अंगातले ओले कपडे काढले. तिच्या पिशवीत एक कोरडा लोकरी जोड होता. तो तिने स्वतःसाठी जपून ठेवला होता. तो मला चढवला, वर जाकीट, कानटोपी आणि एक स्लीपिंग बॅग.

साडूंनी प्रेमाने आतल्या खिशातून ब्रँडीची चपटी बाटली काढली. भैजींनी ती परत ठेवायला लावली. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात. गरम वाटते खरे, पण आतली ऊब बाहेर निघून जाते. साडू मग माझे तळहात खसाखसा चोळू लागले. तेही नको म्हणून सांगितले गेले. गारठलेल्या माणसाचे हातपाय चोळू नयेत. ऊब द्यायची ती छातीला, काखांना, मानेला. थर्मासमधल्या गरम पाण्याच्या दोन बाटल्या मोज्यांत घालून माझ्या काखेत आल्या. मी शुद्धीवर होतो आणि गिळू शकत होतो, म्हणून गूळ घातलेले गरम पाणी घोटघोट पाजले. थोड्या वेळाने पुन्हा जोराची हुडहुडी भरली. मी घाबरलो, भैजी प्रथमच हसले. हुडहुडी परत येणे चांगले. ऊब न मिळताच ती थांबते, तेव्हा भ्यायचे.

जीभ सुटली, पाय ठरले, तेव्हा दुसरा वाटाड्या मला घेऊन खाली निघाला. एक वर जायला, एक खाली यायला. साडूंच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. कन्येने वर जावे, असे सगळ्यांनी सांगितले. वाटाड्या बरोबर होता, साडूही उतरणार होते. तिची गरज नव्हती. तिने एकदा वर पाहिले, पिशवीचे पट्टे आवळले आणि माझ्या मागोमाग उतरू लागली.

उतरताना सूर्य उगवला. स्वर्गारोहिणीची शिखरे आधी राखी, मग केशरी, मग सोन्याची झाली. असा प्रकाश मी जन्मात पाहिला नव्हता. काळा चष्मा लावायची आठवणही तिनेच केली. कोवळ्या बर्फावरून सूर्याचे किरण इतके परततात की उघड्या डोळ्यांना इजा होते. ती बोलली ती एवढेच.

पुण्याला आल्यावर आमच्या डॉक्टरांनी सगळे नीट समजावून दिले. शरीराच्या आतले तापमान ३७ अंश असते. ते ३५ च्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. हवेपेक्षा पाणी उष्णता पंचवीसपट वेगाने वाहून नेते. म्हणून ओला गंजीफ्रॉक म्हणजे अंगाला चिकटलेला चोर. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते, सुती कपडा राखत नाही. आणि मुख्य गोष्ट : गारठा मेंदूपर्यंत पोचला की पहिल्यांदा जाते ती पारख. बोटे अडखळतात, जीभ अडखळते, पाय अडखळतात, आणि ज्याचे अडखळते त्यालाच ते दिसत नाही. बोटे, नाक, कान पांढुरके आणि बधिर झाले तर तो हिमदंश. तिथेही बर्फाने चोळायचे नाही आणि शेकोटीवर धरायचे नाही, कारण बधिर कातडी भाजली तरी कळत नाही.

आता नाताळच्या सुटीत आपली कितीतरी कुटुंबे मनालीला, गुलमर्गला, औलीला बर्फात खेळायला जातात. प्रत्येकजण शिखर चढत नाही. पण लहान मुलाचे हातमोजे भिजतात, आजोबा भाड्याच्या कोटात घामाघूम होऊन वाऱ्यात उभे राहतात. इतक्या लांब कशाला, डिसेंबरच्या पहाटे कळसूबाईच्या शिड्या घामाने निथळत चढून माथ्यावरच्या वाऱ्यात सूर्योदयाची वाट पाहणारी मंडळीही तेच करीत असतात. त्यांना मी दोनच गोष्टी सुचवतो. एक कोरडा जोड पिशवीत असू द्यावा. आणि निघण्यापूर्वीच जोड्या लावाव्यात : याने त्याच्यावर लक्ष ठेवायचे, त्याने याच्यावर, आणि दुसरा "परत फिर" म्हणाला की वाद न घालता फिरायचे. हे घरी, ऊबेत, डोके ठिकाणावर असताना ठरवावे. वर गेल्यावर ते ठरवायला डोके जागेवर असेलच असे नाही.

सांकरीला त्या रात्री मी मुलीची क्षमा मागितली. वर्षभराची तुझी तयारी माझ्या हट्टाने पाण्यात गेली, आणि वर तुलाच बोललो, असे म्हणालो. ती चुलीपाशी हात शेकत बसली होती. म्हणाली, "बाबा, आईला काय सांगू, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. शिखराचं दुसऱ्या दिवशीपर्यंत मला आठवणारही नाही." ते खरे नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मग जरा थांबून म्हणाली, "आणि तो पोखू देव आहे ना, त्याला पाठ केलेलीच चालते. आपणही आज तसंच केलं."

यंदाच्या डिसेंबरात ती पुन्हा जाणार आहे. मी सांकरीपर्यंत सोबत जाईन आणि तिथेच राजमा-भात खात थांबेन, असा करार झाला आहे. तिच्या यादीत या वेळी पहिल्या ओळीखाली दोन रेघा आहेत. चार गंजीफ्रॉकांपैकी ते दोन डोंगरावरून परत आले होते. सौभाग्यवतीने ते धुतले, वाळवले आणि काही न बोलता त्यांची पायपुसणी करून न्हाणीघरापुढे टाकली. न्हाणीघराची खिडकी आता थंडीतही उघडी असते.